सव्वासहा टक्के

घोडा या प्राण्याशी माझा संबंध आयुष्यात तीनदाच आला. पहिल्यांदा मुंजीत. भिक्षावळीच्या मिरवणुकीत मला घोड्यावर बसवले होते आणि मी रामेश्वराच्या देवळापासून घरापर्यंत सारा वेळ डोळे मिटून होतो. लोकांना वाटले, बटू गायत्री जपतो आहे. दुसऱ्यांदा १९६९ साली, लग्न झाल्यावर आम्ही माथेरानला गेलो तेव्हा. तिथे आमच्या सौभाग्यवती घोड्यावर बसल्या आणि मी पायी चाललो. घोडेवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि नंतर सर्व प्रश्न तिलाच विचारले. तिसरा संबंध मात्र अलीकडचा आणि चांगलाच गाढ. आज आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांच्या जागेत बेचाळीस घोडे आहेत.

वाचकांनी घाबरू नये. शेजाऱ्यांची तक्रार नाही. हे घोडे चंदी खात नाहीत, त्यांना खरारा करावा लागत नाही आणि त्यांची लीदही पडत नाही. ते माझ्या नातीच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात. नात नववीत आहे. दिवाळीची सुट्टी लागली की ती आमच्याकडे येते. तिचे वडील तिच्या वयाचे असताना या दिवसांत चिखलाने माखून किल्ला करीत आणि त्यावर मातीचे घोडेस्वार मांडीत. हिचे घोडे पडद्यावर असतात, एवढाच फरक. पण मातीच्या घोड्यांना शिंगरे होत नसत. हिच्या घोड्यांना होतात, आणि आमच्या घरी जे काही घडले ते त्या शिंगरांपायी.

खेळ असा आहे. आरंभी थोडे पैसे मिळतात. त्यांतून घोडी घ्यायची, घोडा घ्यायचा, त्यांची जोडी जमवायची. आपले दोन-चार दिवस जातात तेवढ्यात त्यांचे वर्ष होते आणि शिंगरू जन्मते. त्याचा वेग, चाल, दम, रंग यांना गुण असतात. चांगले निघाले तर ठेवायचे, नाही तर विकायचे. म्हणजे शेअरबाजार आणि वधूवरसूचक मंडळ यांचे हे एकत्र दुकान. मला त्यात गोडी लागायचे काही कारण नव्हते. पण नातीकडे एक घोडा आला. चारी पाय पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. मी सहज म्हणालो, "अगं, हा तर पंचकल्याणी! असा घोडा दारी असणं फार शुभ मानीत." तिने तेच नाव ठेवले आणि नाव ठेवणाऱ्याला खेळात ओढले.

पंचकल्याणी खरोखरच गुणी निघाला. त्याची पहिली शिंगरे वाऱ्यासारखी धावली. मग नातीने सर्वसाधारण मनुष्य करील तेच केले. पागेतल्या सगळ्या घोड्या त्यालाच दाखवल्या. त्याच्या मुलांची जोडी त्याच्याच मुलींशी जमवली. एक मुलगी फारच देखणी होती, तिची जोडी पुन्हा पंचकल्याणीशीच. मी म्हणालो, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "आजोबा, घोड्यांना चालतं." दोन पिढ्या चाललेही. तिसऱ्या पिढीत घोडे पेंड खाऊ लागले. शिंगरे दुबळी निघू लागली, घोड्या गाभण राहीनात, आणि ज्या देखण्या मुलीवर तिचा एवढा जीव, तिचे शिंगरू दुसऱ्याच दिवशी गेले. पडद्यावरचेच ते, पण पोरगी रात्री जेवली नाही.

सकाळी डोळे पुसत माझ्याकडे आली. "आजोबा, इथं प्रत्येक जोडीखाली एक टक्का दाखवतात. मी तो बघितलाच नव्हता. या शिंगराचा पंचवीस टक्के होता. हा कसा काढतात? तुम्ही बँकेत होता ना?"

बँकेत मी सदतीस वर्षे काढली. टक्का म्हटला की आजही माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. दोन दिवस वाचून मी त्या टक्क्याच्या मुळाशी गेलो आणि मौज अशी की, तिथे मला जवळजवळ आमच्याच जातीचा माणूस भेटला. अमेरिकेच्या शेतीखात्यात नोकरी करणारे स्यूअल राइट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. खात्याने गिनीपिगांच्या भावाबहिणींच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावून त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदवह्या राइट यांच्या हाती आल्या. त्यांनी १९२२ साली वंशावळीवरून नात्याचा टक्का काढण्याची रीत छापून प्रसिद्ध केली, आणि माझ्या नातीच्या खेळाखाली दिसणारा टक्का म्हणजे तीच रीत. शंभर वर्षे झाली तरी ती बदलावी लागली नाही. आमच्या बँकेतले एकही परिपत्रक इतके टिकले नव्हते.

रीत सोपी आहे. मी नातीला शिकवली तशीच सांगतो. शिंगराच्या आईचा आणि बापाचा कोणी एकच पूर्वज निघतो का पाहायचे. निघाला तर बापापासून निघून त्या पूर्वजापर्यंत चढायचे आणि दुसऱ्या बाजूने आईपर्यंत उतरायचे. या वाटेवर जेवढी जनावरे भेटली, दोन्ही टोकांची धरून, तेवढ्या वेळा एकाला अर्धे करायचे. पंचकल्याणी आणि त्याची मुलगी, वाटेवर दोघेच. अर्ध्याचे अर्धे, म्हणजे पाव, म्हणजे पंचवीस टक्के. सावत्र भाऊ आणि सावत्र बहीण यांच्या वाटेवर तिघे: भाऊ, बाप, बहीण. साडेबारा टक्के. समाईक पूर्वज एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाची वाट वेगळी मोजून बेरीज करायची. आणि तो पूर्वज स्वतःच नात्यातल्या जोडीचा असला, तर त्यावर आणखी थोडी भर. थोडक्यात, व्याजावर व्याज.

"पण टक्का कसला?" नातीने विचारले. प्रश्न बरोबर होता. मी तिला बँकेतलीच गोष्ट सांगितली. पूर्वी आमच्याकडे मोठी बेरीज असली की ती दोन कारकून वेगवेगळी करीत. एकाची चूक झाली तरी दुसऱ्याची बरोबर असे, आणि काम निभावून जाई. देवाने प्राण्यांच्या अंगी तशीच सोय केली आहे. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती: एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी बहुधा सांभाळून घेते. ज्याच्या अंगी ती असते त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. पण समजा, दोन्ही कारकुनांनी बेरीज न करता एकाच जुन्या वहीतून आकडा उतरवला. मग त्या वहीतली चूक दोघांकडेही तीच, आणि सांभाळणारे कोणी नाही. दोन्ही प्रती एकाच वहीतून उतरवलेल्या असण्याचा संभव किती, तो हा टक्का. चूक आहे असे तो सांगत नाही. असलीच तर ती झाकली न जाण्याचा संभव किती, एवढेच सांगतो.

त्या दिवसापासून आमची रोजची बैठक सुरू झाली. सकाळी चहा झाला की नात कॉम्प्युटरपाशी, मी शेजारी पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे घेऊन, आणि सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात फराळाचा पसारा मांडून. खेळातल्या घोड्यांवरून आम्ही खऱ्या घोड्यांवर गेलो. माणसांनी घोड्यांच्या सोयरिकी किती काटेकोर सांभाळल्या आहेत हे पाहून मी थक्क झालो. इंग्रजांनी १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांचा कुलवृत्तांत छापला! आपल्याकडे माणसांचे कुलवृत्तांत छापले गेले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. त्या सगळ्या घोड्यांची मूळ पुरुषांची घराणी तीनच: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यांतला डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडात पोचला. आज जगभर धावणाऱ्या या जातीच्या घोड्यांपैकी सुमारे ९५ टक्के, बापाचा बाप, त्याचा बाप असे मागे गेले की, याच एका घोड्यापाशी येऊन थांबतात. त्याच्याच वंशात १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहणाच्या दिवशी एक शिंगरू जन्मले. आपल्याकडे असते तर त्याची ग्रहणशांत केली असती. त्यांनी त्याचे नाव 'एक्लिप्स' ठेवले, आणि तो अठरा शर्यती धावून एकदाही हरला नाही.

म्हणजे ही सारी जात एका वाड्यातली. चांगल्या बापाची मागणी इतकी की, आपोआप सगळे एकमेकांचे भाऊबंद होत जातात. माझ्या नातीने पागेत जे केले तेच. अमेरिकेतल्या जॉकी क्लबने २०२० साली नियमच काढला की, त्या वर्षी किंवा पुढे जन्मलेल्या घोड्याकडे एका हंगामात १४० हून अधिक घोड्या न्यायच्या नाहीत. पागावाले कोर्टात गेले आणि २०२२ साली नियम मागे घ्यावा लागला. "पंचकल्याणीच्या मालकिणीनंही तेच केलं असतं," असे नातच म्हणाली.

तिला सर्वांत आवडली ती एनेबल नावाची घोडी. २०१४ चा जन्म. पॅरिसची आर्कची शर्यत तिने २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. तिच्या बापाचा आजा आणि आईचा बाप एकच, सॅडलर्स वेल्स. नातीने वाटेवरचे घोडे बोटांवर मोजले: बाप, बापाचा बाप, सॅडलर्स वेल्स, आई. चार. "एक छेद सोळा! म्हणजे आजोबा, सव्वासहा टक्के. आणि तरी ती जगात पहिली!" मी म्हणालो, "टक्का म्हणजे संभव. नशीब नव्हे." वाक्य बरे जमले म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

मग एके सकाळी तिने अरबी घोड्यांचे वाचून दाखवले. त्या जातीत एक दोष लपून असतो. आईबाप दोघेही धडधाकट, पण दोघांच्याही अंगी त्याची एकेक प्रत असली तर चारांत एका शिंगराला दोन्ही प्रती तशाच मिळण्याचा संभव. ते शिंगरू जन्मते तेव्हा अगदी छान असते. आईच्या चिकातून जे बळ मिळते त्यावर पहिले काही आठवडे निघतात. ते संपले की एकामागून एक आजार. शिंगराच्या अंगी स्वतःचे बळ तयारच होत नाही. पाचसहा महिन्यांच्या आत ते जाते. १९९७ पासून रक्ताची तपासणी करून आधी ओळखता येते, म्हणून आता जाणते लोक तशी जोडीच जमवीत नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारात कातण्याचा करकर आवाज चालला होता. तो थांबला. मी मान वर केली नाही.

वसुबारसेच्या दिवशी नातीने अचानक विचारले, "आजोबा, गोत्र म्हणजे काय?" मी खुलून सांगू लागलो की, हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सगोत्र लग्न करायचे नाही, शंभर पिढ्या मागचा पुरुष एक असला तरी चालत नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "पण गोत्र तर फक्त बापाकडून मोजायचं. आईकडची वाट कोण मोजतं?" आता आली का पंचाईत! मला सांगावे लागले की, देशावर आमच्यासारख्या घरांतून मामाची मुलगी करण्याची जुनी चाल आहे. मामाचे गोत्र वेगळे, त्यामुळे गोत्राला ती दिसतच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाच्या आणि बहिणीच्या मुलांची लग्ने निषिद्ध नात्यांत घातली, पण ज्यांच्याकडे रूढी आहे त्यांना मुभा ठेवली.

"म्हणजे कोणी केलंय का असं आपल्याकडे?"

"तुझी आजी माझ्या मामाची मुलगी."

पोरीचे डोळे एवढाले झाले. "हे मला कोणीच सांगितलं नाही! मग काढा ना आजोबा, बाबांचा टक्का काढा!"

मी पाठकोरा कागद ओढला. वर माझे आजोबा आणि आजी, म्हणजे आईचे आईवडील. कऱ्हाडजवळच्या गावी त्यांचा वाडा होता. त्यांच्याखाली दोन मुले: माझी आई आणि माझा मामा. आईखाली मी, मामाखाली ही. आम्हा दोघांखाली आमचा मुलगा, त्याच्याखाली नात. आजोबांच्या वाटेने मी, आई, आजोबा, मामा, ही; पाच माणसे, एक छेद बत्तीस. आजीच्या वाटेने पुन्हा तितकेच. दोन्ही मिळून एक छेद सोळा.

"सव्वासहा!" नात टाळी पिटून ओरडली. "बाबांचा टक्का एनेबलएवढाच! आजी, ऐकलंस?"

आजी पदराला हात पुसत आमच्यापाशी येऊन उभी राहिली होती. ती कॉम्प्युटरजवळ सहसा येत नाही. तिने विचारले, "त्या अरबी शिंगरांचं तू वाचलंस ना परवा. तो दोष आईकडून येतो का गं?"

"नाही आजी. एकटीकडून नाही येत. दोघांकडूनही आला तरच."

"नक्की?"

"नक्की. एकाच बाजूनं आला तर शिंगराला काहीच होत नाही."

ती कागदाकडे पाहू लागली. आणि मी माझ्या चष्म्याच्या काचा पुसू लागलो, कारण त्या वेळी मला दुसरे काही सुचले नाही.

वाचकहो, आता जे सांगायचे ते चोपन्न वर्षांचे जुने आहे. १९७१ साली आम्हाला पहिला मुलगा झाला. गोरापान, हसरा. दोनतीन महिने घरात नुसता आनंद होता. मग त्याला सारखा ताप येऊ लागला, खोकला हटेना. डॉक्टरांनी शिकस्त केली. पाचवा महिना संपायच्या आत तो गेला. त्याला काय झाले होते हे आज कोणी सांगू शकणार नाही. त्या काळी तशी तपासणी कोणी केली नव्हती, आणि सव्वासहाचा आकडाही ते सांगत नाही. पण आमच्या घरात माझ्या आईने निकाल दिला. हिचा पायगुण. हिच्या कुशीतच काहीतरी.

ही तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. लग्नाआधी 'आत्या, आत्या' करीत हिच्या गळ्यात पडणारी. मला 'अरे' म्हणणारी. लग्नाच्या दिवशी माझे 'अहो' झाले, पण आत्या आत्याच राहिली. निदान हाक तरी. बाळ गेल्यावर आत्याने हिला कोणाच्या बारशाला पाळण्याला हात लावू दिला नाही. बायका जमल्या की, "तू जरा स्वयंपाकघर बघ," असे हलकेच सांगायची. १९७४ साली दुसरा मुलगा झाला, म्हणजे माझ्या नातीचे वडील. तो धडधाकट होता. पण आईने त्याला आपल्या खाटेशी ठेवून घेतले. दूध पाजण्यापुरता काय तो हिच्या मांडीवर. वर्षभर. टक्का त्याचाही सव्वासहाच. पण तेव्हा टक्का कोणाला माहीत होता?

आणि मी काय करीत होतो? मी बँकेत जात होतो. परत आलो की वर्तमानपत्र वाचीत होतो. आईला एक शब्द बोललो नाही. आई वाईट नव्हती. तिचाही पहिला नातू गेला होता आणि दुःखाला एक कोणीतरी धनी लागतो. पण धनी कोण ठरवला जातो आहे, हे मला दिसत होते. आई १९९३ साली गेली. तोवर बोललो नाही आणि त्यानंतरही बोललो नाही, कारण नंतर बोलण्यात काय अर्थ, असे वाटत राहिले. सदतीस वर्षे दुसऱ्यांचे जमाखर्च जुळवणाऱ्या माणसाने आपल्या घरातली एक चुकीची नोंद तशीच चालू दिली. खर्चाची बाजू सगळी एकाच खात्यावर.

आता कागद समोर होता आणि त्यात आंधळ्यालाही दिसावे अशी एक गोष्ट होती. आजोबा-आजींपासून निघालेली एक रेघ मामाकडून हिच्यापर्यंत आली होती. दुसरी रेघ तितकीच ठळक, ती माझ्यापर्यंत आली होती. आणि ती आली होती माझ्या आईच्या नावावरून. असा काही लपलेला दोष असलाच, तर तो आईच्या माहेरचा, आणि त्यातला अर्धा तिच्याच हातून माझ्याकडे आलेला. नसला, तर कोणाकडूनच नाही. हिच्या एकटीच्या खात्यावर टाकता येईल अशी रक्कम त्या कागदावर कुठेच नव्हती.

मी म्हणालो, "हे बघ." पुढचे शब्द फुटेनात. नात माझ्याकडे आणि आजीकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी मी म्हणालो, "तुझं काही नव्हतं त्यात. मला तेव्हाच आईला सांगायला हवं होतं. टक्का माहीत नव्हता, तरी सांगायला हवं होतं."

वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आणि या वेळी घोडे खरोखरच होते.

ही काही वेळ बोलली नाही. मग कागदावर माझ्या आईच्या नावाशी बोट टेकवून म्हणाली, "आत्याला हे कळलं नाही ते बरं झालं. तिला सोसलं नसतं."

एवढेच. चोपन्न वर्षांच्या हिशेबाला तिने एवढीच सही केली. मला वाटले होते ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावील. तेवढे माझे येणेच होते. पण तिचे बोट कागदावरून खाली सरकत आले, आमच्या दोघांखालच्या रेघेशी थांबले. तिथे मी एकच नाव लिहिले होते.

"इथं एक राहिलाय," ती म्हणाली.

नातीने विचारले, "कोण राहिलाय आजी?"

तेव्हा हिने पाट ओढला, नातीला जवळ बसवले आणि तिला तिच्या काकांची गोष्ट सांगितली. तो कसा हसायचा, त्याच्या पायांत वाळे कसे सैल व्हायचे, दिवा पाहिला की कसा हात उंचवायचा. यातले कितीतरी मलाही माहीत नव्हते. नातीने विचारले, "त्याचं नाव काय होतं?" हिने सांगितले. आमच्या घरात ते नाव १९७१ नंतर मोठ्याने उच्चारलेले मी प्रथमच ऐकले. नातीने माझ्या हातातले पेन घेतले आणि आपल्या वडिलांच्या नावाशेजारी, डाव्या बाजूला, थोरल्याच्या जागी ते लिहिले.

मुलगा भाऊबीजेला मुलीला न्यायला आला तेव्हा तो कागद टेबलावर होता. त्याने तो पाहिला, बराच वेळ पाहिला. त्याला भाऊ होता हे त्याला ठाऊक होते; नाव ठाऊक नव्हते. मग व्यवहारी माणसासारखा तो म्हणाला, "हे डॉक्टरांना सांगून ठेवायला हवं. हिच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल." नात म्हणाली, "बाबा, मी मामाच्या मुलाशी लग्न करणार नाही. मला मामाच नाही." आम्ही सगळे हसलो, आणि पोरीने बापाला लगेच धडा दिला की, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड गावातल्या मुलांची जी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तीत एरवी शंभरात तीन बाळांना जन्मजात व्यंग दिसले, आणि आईबाप सख्खे चुलत-मामे भावंडे असतील तिथे सहांना. "म्हणजे बाबा, चौऱ्याण्णव जण तुमच्यासारखे ठणठणीत. पण धोका दुप्पट. आधी माहीत असलेलं बरं." मी एवढ्या मोजक्या शब्दांत कधीच सांगू शकलो नसतो.

पागेची हकिकत सांगायची राहिली. नातीने पंचकल्याणीचे सगळे मुलगे विकून टाकले. पंचकल्याणीला म्हातारपणी कुरणात सोडले. लांबच्या कुणा खेळाडूकडून एक अगदी परका घोडा आणला. दिसायला यथातथाच, वेगही बेताचा, पण वंशावळीत आमच्या पागेशी कुठे नाते नाही. त्याची आणि पंचकल्याणीच्या त्या देखण्या मुलीची जोडी जमवली. खाली टक्का आला शून्य. आठवड्याने शिंगरू झाले. ते बापासारखेच बेताचे आहे, शर्यत जिंकायचे नाही. पण आता तीन वर्षांचे झाले आहे आणि ठणठणीत आहे.

रोज रात्री नातीचा फोन येतो. आधी आजीशी बोलते, मग मला घोड्यांचे सांगते. काल ही म्हणाली, "तिला विचारा, त्या शिंगराला चणे देते का." मी म्हटले, "अगं, ते खोटं आहे, त्याला भूक नसते." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. तुम्ही विचारा."

मी विचारले.